उत्तर २.३२ आलं, हवं होतं २.२६९ : आयझिंग मॉडेलच्या एका सिम्युलेशनचं प्रकरण

चौरस जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण, वर किंवा खाली. शेजारचे दोन बाण एकाच दिशेला असतील तर ऊर्जा १ नं कमी, उलट असतील तर १ नं जास्त. मॉडेल एवढंच. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० मध्ये ते सुचवलं आणि त्यांचा विद्यार्थी एर्न्स्ट आयझिंग यानं १९२५ मध्ये त्याचं एकमितीय रूप सोडवून दाखवलं. एका ओळीत मांडलेले बाण कुठल्याही तापमानाला आपण होऊन एकदिश होत नाहीत, असं उत्तर निघालं. त्यावरून त्यानं तीन मितींतही तसंच होत असणार असा तर्क केला आणि तो चुकला. लार्स ऑन्सेगर यांनी १९४४ मध्ये द्विमितीय मॉडेल नेमकं सोडवलं. ठरावीक तापमानाच्या खाली बहुसंख्य बाण एका बाजूला झुकतात आणि ते क्रांतिक तापमान आहे २ भागिले (१ + √२) चा नैसर्गिक लॉगरिथम, म्हणजे २.२६९१८५. जोडणीची ताकद आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक दोन्ही १ धरलेत, त्यामुळे एककांची भानगड नाही.

नेमकं उत्तर हाताशी असल्यामुळे नवं सिम्युलेशन पारखायला याच्याइतकी चांगली जागा नाही. इथे तपासलेलं प्रकरण अगदी नेहमीचं आहे. बाजू १६ ची जाळी, कडा एकमेकींना जोडलेल्या (उजव्या कडेचा शेजारी डाव्या कडेवर, वरच्याचा खाली). मेट्रोपोलिस पद्धत. तापमान १.५ पासून ३.५ पर्यंत ०.०५ च्या पायरीनं. दर तापमानाला पहिले १,००० स्वीप (एक स्वीप म्हणजे जाळीत जितके बाण तितके उलटवायचे प्रयत्न) सोडून दिले, पुढच्या १,००,००० स्वीपमध्ये दर वेळी ऊर्जा नोंदली. ऊर्जेच्या चढउतारावरून विशिष्ट उष्णता काढली (तिचं शिखर क्रांतिक तापमानाला येईल या हिशोबानं), शिखराजवळच्या बिंदूंमधून वर्गवक्र बसवला आणि आकडा छापला: २.३२० ± ०.००२.

फरक ०.०५१. स्वतःच सांगितलेल्या चुकीच्या मर्यादेच्या पंचवीसपट. अशा वेळी पहिला संशय कोडवर जातो आणि माणूस दोन दिवस ‘अधिक एक’ की ‘वजा एक’ शोधत बसतो. इथे ती मेहनत वाया जाणार होती, पण ते कळायलाही आधी कोड सुटं करून तपासावं लागतं.

कोड बरोबर आहे का

मेट्रोपोलिसची पायरी छोटी आहे. एक बिंदू घ्या, त्याच्या चार शेजाऱ्यांची बेरीज करा, बाण उलटवला तर ऊर्जा किती बदलेल ते काढा (२ गुणिले बाण गुणिले बेरीज). बदल शून्य किंवा ऋण असेल तर उलटवा. धन असेल तर ० ते १ मधला एक रँडम नंबर काढा आणि तो ठरलेल्या संभाव्यतेपेक्षा (e चा ‘वजा बदल भागिले तापमान’ इतका घात) कमी असेल तरच उलटवा. धन बदल फक्त दोनच असू शकतात, ४ आणि ८. त्यामुळे दर वेळी घातांक काढत बसायचं कारण नाही, दोन आकडे आधीच साठवून ठेवायचे. नेमक्या क्रांतिक तापमानाला ते ०.१७१६ आणि ०.०२९४ आहेत. २५६ प्रयत्न झाले की एक स्वीप.

पहिली चाचणी दोन बाय दोनच्या जाळीवर. एकूण १६ स्थिती, सगळं कागदावर मांडता येतं. कडा जोडलेल्या असल्यामुळे डावा शेजारी आणि उजवा शेजारी हा एकच बाण असतो आणि तो दोनदा मोजायचा असतो. सगळे बाण वर असताना ऊर्जा −८ यायला हवी, −४ आली तर शेजाऱ्यांचा तक्ता चुकलाय. दर बाणामागे सरासरी ऊर्जा तापमान १ ला −१.९९५९८ आणि तापमान २ ला −१.८००८३. सिम्युलेशननं हे आकडे चौथ्या दशांशापर्यंत द्यायलाच हवेत.

दुसरी चाचणी चार बाय चारवर. ६५,५३६ स्थिती, संगणक डोळ्याची पापणी लवायच्या आत त्या एकेक करून मोजतो. सगळ्यांत खालची ऊर्जा −३२, तिच्या २ स्थिती. −२८ ची एकही नाही. −२४ च्या ३२ (एकटा उलटा बाण: १६ जागा, दोन बाजू), −२० च्या ६४ (शेजारचे दोन उलटे), −१६ च्या ४२४. ही यादी जुळली की कुठल्याही तापमानाची नेमकी सरासरी काढता येते आणि सिम्युलेशन तिच्याशी ताडून पाहता येतं. ही चाचणी कधीच टाळू नये. पुढे अल्गोरिदम बदलला, जाळी बदलली, जलद व्हावं म्हणून कोड फिरवला, की पुन्हा इथूनच सुरुवात.

या टप्प्यावर सापडणाऱ्या चुकांपैकी एक जवळून बघण्यासारखी आहे. कोड वेगवान करायला कुणी सगळ्या जाळीचा निर्णय एकाच फटक्यात घेतो: सगळ्या बाणांसाठी ऊर्जेतला बदल काढायचा, सगळ्यांना एकदमच उलटवायचं. आता बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी डोळ्यांसमोर आणा, काळ्या घरात वर, पांढऱ्या घरात खाली. प्रत्येक बाणाचे चारही शेजारी त्याच्या विरुद्ध. प्रत्येकाला वाटतं, ‘मी उलटलो की ऊर्जा ८ नं घटेल’, म्हणून सगळे उलटतात आणि पट रंग बदलून पुन्हा तसाच उभा राहतो. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. तापमान काहीही असो, जाळी नुसती लुकलुकत राहते. उपाय सोपा: आधी फक्त काळी घरं, मग फक्त पांढरी. एकाच रंगाची घरं एकमेकांची शेजारी नसतात, म्हणून त्यांचे निर्णय एकत्र घेतले तरी चालतं. बाजू मात्र सम संख्येची हवी. १५ बाजूच्या जोडलेल्या जाळीवर पट बसतच नाही.

ओळीनं एकेक बाण घेत गेलं तर चालतं का? चालतं, फक्त फार जास्त तापमानाला जपायचं. तिथे जवळजवळ प्रत्येक प्रयत्न मान्य होतो, म्हणजे एका स्वीपमध्ये सगळेच्या सगळे बाण उलटतात आणि चित्र तेच राहतं, फक्त निगेटिव्हसारखं. ‘तापमान खूप वाढवून बघू, सगळं विस्कळीत व्हायला हवं’ अशी चाचणी करणारा इथे फसतो.

प्रकरणातलं कोड या सगळ्यांतून सुखरूप बाहेर पडलं.

मग २.३२ कुठून आलं

ते बरोबरच आहे, फक्त वेगळ्या प्रश्नाचं. २५६ बाणांच्या जाळीला क्रांतिक तापमान नसतंच. तिच्या सगळ्या स्थितींची बेरीज ही मर्यादित धन पदांची बेरीज आहे आणि ती तापमानाबरोबर गुळगुळीतच बदलते. विशिष्ट उष्णता अनंताला जाते ती अमर्याद जाळीत. छोट्या जाळीत तिचा नुसता गोलसर उंचवटा होतो आणि तो थोडा सरकलेला असतो. किती सरकलेला, हेही नेमकं माहीत आहे. आर्थर फर्डिनंड आणि मायकेल फिशर यांनी १९६९ मध्ये जोडलेल्या कडांच्या चौरस जाळीसाठी दाखवलं की शिखर क्रांतिक तापमानाच्या साधारण (१ + ०.३६ भागिले बाजू) पट जागी येतं. बाजू १६ घाला: २.३२०. म्हणजे सिम्युलेशननं जे दिलं तेच.

बाजू ३२ ला शिखर २.२९५ जवळ, ६४ ला २.२८२, १२८ ला २.२७६. क्रांतिक तापमान यांपैकी कुठल्याच आकड्यात नाही. शिखराची जागा उभ्या अक्षावर, एक भागिले बाजू आडव्या अक्षावर घ्या. बिंदू जवळपास एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे उत्तर. नुसते १६ आणि ३२ घेतले तरी २.२९४७ ची दुप्पट वजा २.३२०३, म्हणजे २.२६९१. एका मोठ्या जाळीवर महिनाभर यंत्र तापवण्यापेक्षा चार छोट्या जाळ्यांची मालिका जास्त सांगते.

कडा जोडलेल्या नसत्या तर सरकणं उलट्या बाजूला झालं असतं. बाजू १६ च्या जाळीत २५६ पैकी ६० बाण कडेवर असतात, जवळपास चौथा हिस्सा, आणि त्यांना शेजारी कमी. सगळी जाळीच थोडी सैल पडते आणि शिखर क्रांतिक तापमानाच्या खाली येतं. शिखर खाली दिसलं तर आधी शेजाऱ्यांच्या तक्त्यातली कड तपासावी.

विशिष्ट उष्णता निवडणं ही इथली दुसरी अडचण. द्विमितीय आयझिंगमध्ये तिचं शिखर फक्त लॉगरिथमच्या चालीनं वाढतं: बाजू दुप्पट केली की उंचीत साधारण ०.३४ ची भर, बस. चुंबकनाच्या (वरचा बाण +१, खालचा −१ धरून सगळ्यांची सरासरी) चढउतारावरून काढलेली ससेप्टिबिलिटी, म्हणजे बाहेरच्या चुंबकी क्षेत्राला जाळी किती दाद देते ते मोजणारी राशी, मात्र बाजूच्या १.७५ व्या घातानं वाढते. १६ वरून १२८ वर गेलं की विशिष्ट उष्णतेच्या शिखरात जेमतेम एकाची भर पडते आणि ससेप्टिबिलिटी जवळपास ३८ पट होते. धूसर टेकाडाचा माथा शोधण्यापेक्षा सुळक्याचं टोक शोधणं केव्हाही बरं.

आणि ०.०५ ची पायरी. शिखर दोन्ही बाजूंना सारखं नसतं, त्यावर वर्गवक्र बसवला की माथा एका बाजूला ओढला जातो. अॅलन फेरेनबर्ग आणि रॉबर्ट स्वेंडसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली हिस्टोग्रामची रीत इथे उपयोगी पडते: शिखराजवळच्या एकाच तापमानाला लांब धाव घ्यायची, ऊर्जेच्या नोंदींना नव्या तापमानाप्रमाणे वजनं द्यायची आणि आसपासचा सलग वक्र मिळवायचा. जाळी मोठी होत जाते तशी या रीतीची पोच आखडते, त्यामुळे १२८ बाजूला दोन-तीन धावा तरी लागतात.

± ०.००२ वर विश्वास का ठेवू नये

एक लाख नोंदी म्हणजे एक लाख स्वतंत्र नोंदी नव्हेत. एका स्वीपनंतरची जाळी आधीच्या जाळीसारखीच दिसते. ही आठवण किती स्वीप टिकते त्याला सहसंबंध काळ म्हणतात. समजा तो ५० स्वीप निघाला. खऱ्या स्वतंत्र नोंदी १,००,००० भागिले त्या काळाची दुप्पट (१००), म्हणजे १,००० उरतात आणि एरर बार, म्हणजे ती ± ची मर्यादा, दहापट मोठा होतो. वक्र बसवणाऱ्या तयार रुटीनला हे माहीत नसतं. ते प्रत्येक नोंद नवी धरतं आणि छान बारीक आकडा देतं.

हेन्रिक फ्लायव्हबर्ग आणि पीटरसन यांनी १९८९ मध्ये लोकप्रिय केलेली गट पाडण्याची रीत करायला दहा ओळी लागतात. नोंदींच्या शेजारशेजारच्या जोड्यांची सरासरी काढून अर्धी यादी बनवा, तिच्यावरून एरर काढा. पुन्हा जोड्या, पुन्हा एरर. आकडा आधी वाढत जातो आणि गट सहसंबंध काळापेक्षा मोठे झाले की सपाट होतो. तो सपाट आकडा खरा. सपाटी आलीच नाही तर धाव अपुरी आहे; त्यातून एरर बार काढताच येत नाही आणि काढूही नये.

मोठी जाळी घेतली, उत्तर आणखी बिघडलं

आकाराचं कळल्यावर साहजिकच बाजू ६४ आणि १२८ करून बघितली जाते, बाकी सगळं तसंच ठेवून. आता तापमान वाढवत नेलं तर एक वक्र येतो आणि उतरवत नेलं तर दुसरा. मध्ये फट. हे पाहून ‘संक्रमण पहिल्या दर्जाचं (बर्फ वितळावं तसं एकदम उडी मारणारं) दिसतंय’ असं लिहून मोकळं होणारे आहेत. तसं काही नाही. जाळी फक्त समतोलाला पोचलेली नाही.

क्रांतिक तापमानाजवळ मेट्रोपोलिसचा सहसंबंध काळ बाजूच्या साधारण २.१७ व्या घातानं वाढतो. बाजू दुप्पट केली की काळ साडेचारपट, वर स्वीपचं काम चौपट. दोन्ही मिळून अठरापट. १६ वरून १२८ वर जाताना काळ ९१ पट आणि काम ६४ पट होतं. जुने १,००० स्वीप सोडून देणं इथे थट्टाच आहे. विस्कळीत सुरुवातीपासून एकदिश बाणांचे पट्टे वाढतात ते वेळेच्या वर्गमुळानं, म्हणजे १२८ रुंदीचा पट्टा व्हायलाच सोळा हजारांच्या घरात स्वीप जातात. सगळे बाण वर ठेवून सुरुवात केली तर क्रांतिक तापमानाला चुंबकन वेळेच्या सुमारे ०.०५८ व्या घातानं घटतं. इतक्या हळू की आलेखावर रेघ आडवीच दिसते आणि ‘स्थिरावलं’ असं वाटतं.

म्हणून प्रत्येक तापमानाला दोन धावा: एक विस्कळीत सुरुवातीपासून, एक एकदिश सुरुवातीपासून. दोन्ही एकाच आकड्यावर आल्या की तिथून पुढे मोजायला सुरुवात. त्याआधीचं सगळं फेकून द्यायचं, कितीही वाईट वाटलं तरी.

कमी तापमानाला आणखी एक सापळा असतो. विस्कळीत जाळी एकदम थंड केली की कधीकधी ती सगळी एकदिश होण्याऐवजी दोन पट्ट्यांवर अडकते: एक पट्टा वर, दुसरा खाली, मधल्या दोन भिंती सरळ. शून्य तापमानाला जवळपास एक तृतीयांश धावा अशा अडकतात. सरळ भिंतीलगतच्या बाणाला तीन शेजारी आपले आणि एक परका. उलटायचं तर ऊर्जा ४ नं वाढते, म्हणून शून्य तापमानाला भिंत हलतच नाही. चुंबकन मग ०.१ ही येईल, ०.६ ही येईल, पट्टे किती रुंद आहेत त्यावर. ओळखायची खूण ऊर्जेत आहे: दोन भिंतींमुळे दर बाणामागे ऊर्जा बरोबर ४ भागिले बाजू इतकी वर राहते, १२८ ला ०.०३१२५. आकडे बघण्याआधी जाळीचं चित्र काढून बघितलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं. दर तापमानाला शेवटची जाळी चित्र म्हणून साठवावी, हा आमचा आग्रह त्यासाठीच.

चुंबकनाबद्दल दोन शब्द. छोट्या जाळीत चिन्ह उलटत राहतं आणि लांब धावेत सरासरी शून्याकडे जाते, म्हणून केवलमूल्याची सरासरी घ्यायची. त्याची किंमत अशी की वरच्या तापमानालाही ती शून्य होत नाही. पूर्ण विस्कळीत १६ बाजूच्या जाळीलाही ०.०५ येतं. खालच्या बाजूला तपासायला सी. एन. यांग यांचं १९५२ चं सूत्र आहे: तापमान २.० ला ०.९११, २.२ ला ०.७८५, २.२६ ला ०.६१३. शेवटचा आकडा बघा. क्रांतिक तापमानापासून अर्धा टक्काही दूर नाही आणि चुंबकन अजून साठ टक्क्यांवर आहे. त्यापुढे ते कड्यावरून कोसळावं तसं कोसळतं. चुंबकन शून्य कुठे होतं ते डोळ्यानं बघून क्रांतिक तापमान ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बाजू १२८ ला एक निखळ संगणकी अपघातही घडतो. क्रांतिक तापमानाला एकूण ऊर्जा सुमारे −२३,२५० असते, तिचा वर्ग ५४ कोटींच्या आसपास. वर्गांची बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवली असेल तर मर्यादा २,१४,७४,८३,६४७. चौथ्या नोंदीलाच बेरीज उलटून ऋण होते. बाजू १६ ला वर्ग इतका लहान असतो की काही हजार नोंदींपर्यंत सगळं सुरळीत दिसतं, म्हणून छोट्या चाचणी-धावेत ही चूक निसटते. चुंबकनाच्या चौथ्या घाताला ६४ बिटही अपुरे: १२८ बाजूच्या पूर्ण एकदिश जाळीचा चौथा घात म्हणजे २ चा ५६ वा घात, असे १२८ मिळवले की मर्यादा संपली. आधी बाणांच्या संख्येनं भागा, मग दुहेरी अचूकतेच्या दशांशात बेरीज करा.

छेदनबिंदू

शिखर शोधून रेषा मागे नेण्यापेक्षा चांगली रीत कुर्ट बाइंडर यांनी १९८१ मध्ये दिली. चुंबकनाच्या चौथ्या घाताची सरासरी घ्या, वर्गाच्या सरासरीच्या वर्गाच्या तिपटीनं भागा, १ मधून वजा करा. खूप कमी तापमानाला ही राशी दोन तृतीयांश होते, खूप जास्त तापमानाला शून्य. वेगवेगळ्या बाजूंचे वक्र काढले की ते सगळे क्रांतिक तापमानापाशी एकमेकांना छेदतात. जोडलेल्या कडांच्या चौरसासाठी छेदाची उंचीही ठरलेली आहे, ०.६१०७ च्या जवळ. त्यामुळे एकाच आलेखावर दोन तपासण्या होतात: जागा २.२६९ आणि उंची ०.६११. जागा बरोबर आणि उंची चुकीची आली तर बहुतेक वेळा कडा चुकलेल्या असतात, किंवा जाळी चौरस नसून आयत झालेली असते.

प्रकरणातल्या प्रोग्रामला १६, ३२, ६४ या तीन बाजू आणि २.२४ ते २.३० मधली सात तापमानं पुरेशी आहेत. मात्र ६४ ला मेट्रोपोलिस रेंगाळतो. इथे पद्धत बदलायची वेळ येते.

वुल्फ, आणि रँडम नंबरांचा हिशोब

उल्ली वुल्फ यांच्या १९८९ च्या पद्धतीत एकेक बाण उलटवत नाहीत, आख्खा गट उलटवतात. एक बाण निवडा. त्याच्या दिशेचा प्रत्येक शेजारी ठरलेल्या संभाव्यतेनं गटात घ्या, मग त्यांचे शेजारी, असं करत गट वाढणं थांबलं की सगळा गट उलटवा. क्रांतिक तापमानाला ती संभाव्यता २ वजा √२, म्हणजे ०.५८५८. पट्टे, भिंती, रेंगाळणं, सगळं एका झटक्यात सुटतं.

संभाव्यतेच्या सूत्रात घातांक २ भागिले तापमान आहे. तिथला २ विसरून १ भागिले तापमान लिहिला तर काय होतं ते गमतीदार आहे. प्रोग्राम बिघडत नाही, आलेख सुबक येतात, छेदही स्वच्छ मिळतो, पण १.१३५ ला. या पद्धतीत तापमान फक्त त्या एका संभाव्यतेतूनच शिरतं, त्यामुळे चुकीच्या सूत्रानं तुम्ही दुप्पट तापमानाचं अगदी बरोबर सिम्युलेशन करत असता. उत्तर नेमकं अर्धं आलं की हेच झालंय असं समजा.

गट वाढवायला स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन लिहिलं तर मोठ्या जाळीवर स्टॅक भरून प्रोग्राम कोसळतो. साधी यादी ठेवून तिच्यात पुढचे बाण टाकत जावं. मोजणी ठरावीक संख्येच्या गटांनंतर करावी, ‘इतके बाण उलटले की मोजू’ असं करू नये. मोठ्या गटानंतर मोजायची वेळ जास्त वेळा येते आणि सरासरी एका बाजूला कलते. आणि एक फुकटची तपासणी: गटाच्या सरासरी आकाराला बाणांच्या संख्येनं भागलं की चुंबकनाच्या वर्गाची सरासरी मिळायला हवी. दोन वाटांनी आलेला एकच आकडा जुळत नसेल तर पुढे जाऊ नये.

या प्रकरणातली सगळ्यांत लपलेली चूक इथेच असू शकते. फेरेनबर्ग, डेव्हिड लँडाऊ आणि वाँग यांनी १९९२ मध्ये दाखवलं की त्या काळी चांगलं मानलं जाणारं आर-२५० हे रँडम नंबर जनित्र वुल्फ पद्धतीत चुकीची ऊर्जा देतं, आणि चूक एरर बारच्या कितीतरी पट असते. बाजू १६, नेमकं क्रांतिक तापमान. तिथली दर बाणामागची खरी ऊर्जा −१.४५३०६ ही कागदावर काढता येते, म्हणूनच चूक पकडली गेली. आर-२५० मध्ये नवा आकडा १०३ आणि २५० जागा मागच्या दोन आकड्यांपासून बनतो. वुल्फचा गट आकडे ओळीनं खात वाढतो, त्यामुळे ते लपलेलं नातं थेट गटाच्या आकारात उतरतं. सांख्यिकीच्या नेहमीच्या चाचण्यांत ते दिसलं नव्हतं.

त्याहून जुना रँडू तर उघड वाईट होता: सलग तीन आकड्यांचे बिंदू अवकाशात मांडले की सगळे अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात. आज मर्सेन ट्विस्टर किंवा त्यानंतरची जनित्रं सहज मिळतात, पण नियम तोच: शेवटचा आकडा लिहिण्याआधी संपूर्ण काम दोन वेगळ्या जातींच्या जनित्रांनी करून बघा. समांतर धावा करताना सगळ्यांना एकच बीज (जनित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) दिलं जातं ही चूक तर रोजची. आठ प्रोसेसर, आठही धावा हुबेहूब सारख्या, आणि एरर बार आठ धावांचा म्हणून लहान.

काय छापायचं

दुरुस्त कामाच्या टिपणात पुढच्या गोष्टी असाव्यात: बाजू आणि कडांचा प्रकार, पद्धत, दर बाजूला किती स्वीप सोडले, किती मोजले, प्रत्येक बाजूचा सहसंबंध काळ, एरर कसा काढला, जनित्राचं नाव आणि बीज, चार बाय चारची तुलना. १६ बाजूचं शिखर २.३२० असं लिहायला हरकत नाही, त्यापुढे ‘१६ बाजूच्या जाळीचं’ एवढं जोडलं की वाक्य खरं होतं.

मग तीन मितींकडे. तिथे नेमकं सूत्र कुणालाच सापडलेलं नाही. क्रांतिक तापमान ४.५११५ हा आकडा अशाच सिम्युलेशनांतून आणि मालिका-गणितातून आला आहे. कोडमध्ये बदल एकाच ठिकाणी: शेजाऱ्यांच्या तक्त्यात चारऐवजी सहा. बाण एका लांब यादीत ठेवले असतील तर शेजारी अधिक-वजा १, अधिक-वजा बाजू आणि अधिक-वजा बाजूचा वर्ग इतक्या अंतरावर असतात. तिसऱ्या जोडीत वर्गाऐवजी चुकून ‘बाजू वजा १’ पडलं तर शेजारी सहाच राहतात, प्रोग्राम हूं की चूं करत नाही, आणि छेद ३.६४ ला मिळतो. तो आकडा म्हणजे ४ भागिले (३ चा नैसर्गिक लॉगरिथम), म्हणजे सपाट त्रिकोणी जाळीचं नेमकं क्रांतिक तापमान.